ध्यानाचे परिणाम मोजण्याची शंभर वर्षं

ध्यानाने मेंदू आणि शरीर कसं बदलतं, या प्रश्नाचं उत्तर गेल्या शंभर वर्षांत अनेकदा पालटलं. ध्यान तेच राहिलं, यंत्रं बदलत गेली. त्याहूनही महत्त्वाचं म्हणजे, ध्यान करणाऱ्याच्या शेजारी तुलनेसाठी कोणाला बसवलं, हे बदलत गेलं. आज एखादा निष्कर्ष वाचतानाही आधी तेच पाहावं.

1924 साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगक्रियांच्या वेळी शरीरात काय घडतं ते क्ष-किरण आणि दाबमापकाने तपासायला सुरुवात केली. त्याच वर्षी जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरींची पहिली नोंद घेतली. पण सुरुवातीचं कुतूहल मेंदूपेक्षा हृदयाचं होतं. 1935 मध्ये फ्रेंच हृदयतज्ज्ञ थेरेझ ब्रॉस ईसीजीचं यंत्र घेऊन भारतात आल्या. योगी हृदय थांबवू शकतात, हा समज त्यांच्या नोंदींमुळे बळावला.

तो तपासायला अमेरिकेतले संशोधक वेंगर आणि बागची 1957 मध्ये आले. दिल्लीच्या डॉ. आनंद यांच्यासह त्यांनी 1961 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दीर्घ श्वास घेऊन कंठ बंद केला आणि छाती-पोटाचे स्नायू आवळले, की छातीतला दाब वाढतो. शिरांमधून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि हृदयाच्या प्रत्येक आकुंचनातून फारच थोडं रक्त बाहेर पडतं. मनगटावर बोट ठेवलं तर नाडी लागत नाही. आवळलेल्या स्नायूंच्या आवाजात स्टेथोस्कोपलाही ठोके नीट ऐकू येत नाहीत. ईसीजीच्या कागदावर मात्र लाटा उमटतच राहतात. हृदय थांबलेलं नसतं, नाडी दबलेली असते. हे करण्यावर हुकमत लागते यात शंकाच नाही, पण ती श्वासाच्या आणि स्नायूंच्या वाटेने येते.

1961 सालीच आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांचे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचे आलेख, प्रसिद्ध केले. डोळे मिटून स्वस्थ बसलं की सेकंदाला 8 ते 13 आवर्तनांच्या अल्फा लहरी दिसतात आणि अचानक प्रकाश किंवा आवाज आला की त्या तुटतात. समाधीतल्या योग्यांमध्ये त्या तुटल्या नाहीत. दोघांनी 4 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 45 ते 55 मिनिटं हात ठेवला, तरी अल्फा टिकून राहिली. जपानमध्ये कासामात्सु आणि हिराई यांना 1966 मध्ये वेगळंच चित्र दिसलं. सामान्य माणसाला तोच टिक-टिक आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला की मेंदू सरावतो आणि अल्फा तुटणं थांबतं. झेन साधकांत मात्र ती प्रत्येक आवाजाला क्षणभर तुटायची. एकाग्र ध्यान बाहेरचं जग बंद करतं आणि साक्षीभावाचं ध्यान ते ताजं ठेवतं, असा सुंदर अर्थ त्यातून काढला गेला. 1981 मध्ये बेकर आणि शापिरो यांनी झेन, योग आणि भावातीत ध्यान (महर्षी महेश योगींची मंत्र मनात घोळवण्याची पद्धत) करणाऱ्यांना ध्यान न करणाऱ्यांच्या शेजारी बसवून हाच प्रयोग केला, तेव्हा सरावण्यात गटागटांत फरक आढळला नाही.

शरीराच्या बाबतीतही तसंच झालं. वॉलेस यांचा 1970 चा शोधनिबंध आणि पाठोपाठ अमेरिकी हृदयतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांच्यासोबतचं काम यांतून दिसलं, की भावातीत ध्यानात ऑक्सिजनचा वापर सुमारे 17 टक्क्यांनी उतरतो आणि तोही काही मिनिटांतच. मग 1976 मध्ये पगानो आणि सहकाऱ्यांनी पाच अनुभवी साधकांचे ईईजी घेतले, तर ध्यानाचा बराचसा वेळ प्रत्यक्ष झोपेत गेला होता. 1984 मध्ये होम्स यांनी तोवरचे प्रयोग एकत्र मांडले. नुसतं शांत बसून विश्रांती घेणाऱ्यांशी तुलना केली, तर नाडी, श्वसन आणि ऑक्सिजनचा वापर यांत सातत्याने फरक दिसत नव्हता.

बेन्सन यांनी 1975 मध्ये मांडलेली पद्धत शरीर शांत करण्याचं काम कुठलाही साधा शब्द करू शकतो, या विचारातून आली. आरामात बसून डोळे मिटायचे, पावलांपासून चेहऱ्यापर्यंत स्नायू सैल सोडायचे, नाकाने श्वास घ्यायचा आणि प्रत्येक उच्छ्वासाला एक साधा शब्द मनात म्हणायचा. 10 ते 20 मिनिटं, दिवसातून एकदा-दोनदा. जेवणानंतर दोन तास करायचं नाही, कारण पचनक्रिया आड येते असं त्यांना वाटे. गजर लावायचा नाही आणि संपल्यावर लगेच उठायचं नाही. विचार आला तर त्याच्याशी न झगडता शब्दाकडे परतायचं. नवखे बहुधा इथेच चुकतात: विचार थांबवायच्या खटपटीत कपाळ आणि जबडा आवळतात, मग शरीर सैलावणार कसं?

1979 मध्ये जॉन काबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सजगतेच्या ध्यानाचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, घरी रोज सुमारे 45 मिनिटं सराव आणि मध्ये एक पूर्ण दिवस मौनात. त्याचा मोठा उपयोग असा, की मात्रा ठरली. मग औषधाची घेतात तशी ध्यानाचीही चाचणी घेता येऊ लागली.

मेंदूच्या प्रतिमांचं युग यानंतरचं. 2004 मध्ये लुट्झ आणि डेव्हिडसन यांना 10,000 ते 50,000 तास साधना केलेल्या आठ बौद्ध साधकांत अतिशय जोरकस गॅमा लहरी, म्हणजे अल्फापेक्षा कितीतरी वेगवान लहरी, दिसल्या. इथे एक अडचण असते. डोक्याच्या त्वचेखालचे आणि जबड्याचे स्नायूही त्याच वेगाची विद्युत निर्माण करतात, त्यामुळे तो गोंगाट वेगळा काढावा लागतो. मेंदूतल्या रक्तप्रवाहावरून त्याचं काम दाखवणाऱ्या एफएमआरआयमध्ये श्वास आडवा येतो. तो संथ झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि चेतापेशींचं काम तेवढंच असूनही मेंदूचा भाग उजळलेला दिसतो.

2005 मध्ये सारा लाझार यांना 20 साधकांत मेंदूच्या बाह्यस्तराचे काही भाग जाड आढळले. पण जाड बाह्यस्तराची माणसंच ध्यानाकडे वळत असतील तर? म्हणून 2011 मध्ये हॉल्झेल यांनी नवख्यांना त्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर तपासलं. ध्यानगटातल्या 16 जणांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मरणशक्तीशी निगडित भागात, करड्या द्रव्याची (चेतापेशी असलेल्या थराची) घनता वाढलेली दिसली. गट लहान होता आणि कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. 2022 मध्ये क्राल आणि सहकाऱ्यांनी दोन यादृच्छिक चाचण्यांतल्या 218 जणांची माहिती एकत्र केली. एका गटाला ध्यान, दुसऱ्याला तेवढाच वेळ घेणारा पण ध्यान नसलेला आरोग्यवर्धनाचा कार्यक्रम आणि तिसरा गट प्रतीक्षेत. मेंदूच्या रचनेत ध्यानगटाचा वेगळेपणा दिसला नाही. आठ आठवड्यांत मेंदू वाढतो, हे वाक्य त्यानंतर तरी छातीठोकपणे म्हणू नये. अनेक वर्षांच्या साधनेचा प्रश्न मात्र याने निकालात निघत नाही.

माणसाला बरं वाटण्याचा पुरावा अधिक भक्कम आहे. 2014 मध्ये गोयल आणि सहकाऱ्यांनी 47 चाचण्या आणि 3,515 सहभागींचा आढावा घेतला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत माफक पण खरा फायदा दिसला. औषधं, व्यायाम किंवा वर्तनोपचार यांच्यापेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. त्रासाची नोंद मात्र कितीतरी वर्षं कोणी नीट घेतच नव्हतं. 2020 मध्ये फारियास आणि सहकाऱ्यांनी 83 अभ्यास तपासले, तेव्हा ध्यानाच्या वेळी किंवा नंतर त्रास झालेल्यांचं प्रमाण सुमारे 8 टक्के निघालं. त्यात सर्वाधिक आढळली ती चिंता आणि खिन्नता, म्हणजे ज्यांच्यासाठी लोक बहुधा ध्यानाला बसतात त्याच तक्रारी.