सेल्फ मारल्यावर व्होल्ट जातात कुठे?

मे महिन्यातली दुपार, सात रस्ता. दुचाकीला किल्ली लावली, न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला, हॉर्नही खणखणीत वाजला. सेल्फ मारला तर सीटखालून नुसतं कट-कट-कट-कट, दिवा विझायला आलेला, इंजिन ढिम्म. पानटपरीवरून लगेच निदान आलं, "बॅटरी गेली तुमची, नवीच टाका." सोलापुरात गाडी अडली की सल्ला फुकट मिळतो.

सेल्फ फिरतोय पण गाडी चालू होत नाही, तर पेट्रोल आणि प्लग बघायचा. सेल्फच फिरत नसेल तर त्या दोघांना उगाच छेडू नये, दुखणं करंटच्या वाटेवर असतं. आणि त्या वाटा दोन आहेत. बारीक वाट फ्यूज, सेल्फचं बटण, क्लच आणि साइड स्टँडचे स्विच यांतून रिलेच्या (म्हणजे विजेच्या चुंबकाने जुळणाऱ्या स्विचच्या) कॉइलपर्यंत जाते, तिला थोडाच करंट पुरतो. जाड वाट बॅटरीतून रिलेमार्गे थेट सेल्फच्या मोटरला. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीतही तिथून क्षणभर ५०-६० अँपिअर धावतात. बारीक वाटेने हुकूम जायचा, रिलेने खटकन जाड वाट जोडायची, एवढाच कारभार.

म्हणून कान द्यायचा. काहीच आवाज नाही आणि दिवाही मंद होत नाही, तर हुकूमच पोचला नाही: फ्यूज, क्लच स्विच, नाहीतर पार्किंगमध्ये कुणा पोराने दाबून ठेवलेला, इंजिन बंद करायचा लाल किल स्विच. (हसू नका, मी यापायी एकदा पार्क चौकापर्यंत गाडी ढकलली आहे.) एकच खटका आणि दिवा तसाच लख्ख, तर रिलेचे संपर्क जळालेत किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत. एकच खटका आणि दिवा पार मंद, तर बॅटरीत दम नाही किंवा मोटर जाम आहे.

कट-कट-कटची गंमत वेगळी. रिले जोडला की मोटर करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं, कॉइलची पकड सुटते. पकड सुटली की ओढ थांबते, व्होल्टेज परत चढतं आणि कॉइल पुन्हा पकडते. शाळेतली विजेची घंटा अशीच वाजायची. म्हणजे हा आवाज एवढंच सांगतो की व्होल्टेज ओढीला टिकत नाही. ते बॅटरीच्या पोटात संपतंय की वाटेत, हे तो सांगत नाही. टपरीवरचं निदान फसलं ते इथे.

सोलापूरकराला हे नळावरून चटकन कळेल. काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा बंद नळामागे दाब पुरेपूर असतो. पण पाइप आतून गंजून अरुंद झाला असेल तर नळ सोडताच धार करंगळीएवढी. विजेचंही तसंच. सांध्यावर समजा ०.१ ओहम रोध आहे. हॉर्न दोन-तीन अँपिअर घेतो, तिथे पाव व्होल्ट जातो, कुणाला कळतही नाही. मोटरने ६० अँपिअर मागितले तर त्याच सांध्यात ६ व्होल्ट खपतील, निम्मी बॅटरी!

गाडी ढकलत अशोक चौकातल्या ओळखीच्या मेस्त्रीकडे नेली. म्हटलं, "अण्णा, आधी मोजा, मग विका." त्यांनी मल्टिमीटरच्या दोन्ही पिना बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर टेकवून मला सेल्फ दाबायला लावला. आकडा १२ च्या खाली उतरला नाही. बॅटरी ठणठणीत होती. मग एक पिन प्लसच्या टर्मिनलवर आणि दुसरी त्यालाच कसलेल्या वायरीच्या थिंबलवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीवर. दोघांत बोटभरही अंतर नाही, आकडा शून्याजवळ हवा. सेल्फ दाबला तर आकडा नाचत ४ च्या वर. माझे व्होल्ट तिथे, पांढरट-हिरव्या भुकटीत जात होते.

अण्णांनी मायनस आधी काढला, मग प्लस. उलट केलं आणि पाना फ्रेमला लागला तर ठिणग्या उडतात. पॉलिश पेपरने दोन्ही तोंडं चकचकीत होईतो घासली, बसवताना प्लस आधी, मायनस शेवटी. पहिल्याच दाबाला इंजिन फिरलं.

बॅटरी खरंच मेली असेल तर पहिल्याच मोजणीत आकडा साडेनऊच्याही खाली जातो. आपल्याकडचं ४३-४४ अंशांचं ऊन आतल्या जाळ्या गंजवतं, पाणी उडवतं. पण दुखणं कळतं बहुधा जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत: पहाटे तेल घट्ट, रसायनं सुस्त, मोटरला जोर जास्त हवा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला किक मारून निभतं. एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस सहा नियम आले, तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोल इंजेक्टरने जातं, आणि त्याच्या पंपालाही बॅटरीच लागते. ती पार उतरली असेल तर किक किंवा धक्का मारूनही बहुधा भागत नाही. दुसरी बॅटरी जोडायची, नाहीतर रिक्षा बघायची.