कोंडलेल्या वायूचं अस्तर

एसी बसवून झाला की पाइपाच्या भोकात मेकॅनिक डब्यातून पिवळट फेस मारतो. त्याआधी तिथे थोडं पाणी शिंपडतो. धूळ बसावी म्हणून, असं मला वाटायचं. पण डब्यातला हा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा फोम घट्ट होतो तोच ओलाव्यामुळे.

फुगून बाहेर आलेला भाग कटरने छाटला की आत बारीक बारीक घरं दिसतात. उष्णता अडते ती त्यांतल्या वायूमुळे. मोकळी हवा उष्णता घेऊन फिरते. इवल्याशा घरात कोंडली की तिचं फिरणंच बंद. तेवढ्याच जाडीच्या काँक्रीटमधून स्थिर हवेच्या 50-60 पट उष्णता जाते.

कारखान्याच्या पत्र्याला किंवा शीतगृहाला फोम मारायचा तर दोन पिंपं लागतात. एकात आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिओल आणि फुगवणारा द्रव. गरम नळ्यांतून येऊन दोन्ही भेटतात ती थेट गनमध्ये. संयोगातून निघालेल्या उष्णतेनेच द्रवाची वाफ होते आणि काही सेकंदांत थर साधारण 30 पट फुगतो. घनमीटरभर फोमचं वजन 30-35 किलो. प्लास्टिकनं व्यापलेली जागा जेमतेम 3 टक्के! मुळातलं पॉलियुरेथेन 1937 सालचं, जर्मनीत ओटो बायर यांनी शोधलेलं. फुगवणारे वायू मात्र बदलत गेले. आधीचे ओझोनच्या मुळावर उठले होते. त्यांतल्या एचसीएफसी-141बीचा वापर भारताने 1 जानेवारी 2020 पासून थांबवला.

हा झाला बंद घरांचा फोम. दुसऱ्या प्रकाराला घावनासारखी जाळी असते. तो हलका आणि स्वस्त, पण बाष्प आरपार जाऊ देतो. ब्रिटनमध्ये अनेकांनी कौलांखालच्या लाकडी वाशांवर फोम मारून घेतला. आता आत लाकूड ओलं आहे की कुजलंय, तपासणाऱ्याला दिसतच नाही; त्यामुळे कित्येक बँका अशा घरांवर कर्ज द्यायला तयार नसतात.

फवारणी चालू असताना घरात थांबू नये. आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. गन धरणारा बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा घालतो, तो उगाच नाही.

आपल्या स्लॅबच्या घरांना फोम वरून मारलेला बरा, म्हणजे स्लॅब तापतच नाही. पण त्यावर ऊन अडवणारं कोटिंग हवंच. आमच्या एसीच्या भोकाबाहेरचा उघडा फेस आता नारिंगी झालाय. बोट फिरवलं की भुकटी हाताला लागते.