के-आयसोमर

के-आयसोमर ही विरूपित, म्हणजे गोल नसलेल्या, अणुकेंद्रकाची दीर्घायू उत्तेजित अवस्था होय. उत्तेजित केंद्रक एरवी सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात गॅमा किरण टाकून खाली उतरते. आयसोमर मात्र अडकून राहतो. पहिला केंद्रकीय आयसोमर, प्रोटॅक्टिनियम-२३४ चा, ओटो हान यांना १९२१ मध्ये सापडला. भौतिकशास्त्रज्ञ वाइत्सॅकर यांनी १९३६ मध्ये अशा अवस्थांचे कारण कोनीय संवेगातल्या (फिरण्याशी निगडित संवेगातल्या) मोठ्या फरकात शोधले. के-आयसोमरमध्ये संवेग किती यापेक्षा तो कोणत्या दिशेला आहे, हे निर्णायक ठरते.

लांबट केंद्रकाच्या सममिती-अक्षावर एकूण कोनीय संवेगाचा जो प्रक्षेप पडतो, ती के ही क्वांटम संख्या. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम संख्येत असलेल्या केंद्रकाच्या मूळ (सर्वांत कमी ऊर्जेच्या) अवस्थेत सगळे कण जोडीने असतात, म्हणून के शून्य. असे केंद्रक अक्षाशी काटकोनात फिरूनच संवेग मिळवते. जोडी फुटली आणि सुट्या कणांनी आपले संवेग अक्षाच्या दिशेने जुळवले, की के वाढतो. गॅमा किरण जेवढा संवेग नेऊ शकतो, त्याहून के मधला बदल मोठा असेल तर ते संक्रमण, म्हणजे एका पातळीवरून दुसरीवर उतरणे, निषिद्ध ठरते.

हाफ्नियम-१८० हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. त्याच्या आयसोमरचा संवेग ८ एकके आणि के सुद्धा ८. तो जिथे उतरतो त्या पातळीचा संवेगही ८ च आहे, पण के शून्य. नेहमीच्या हिशेबाने हे संक्रमण क्षणार्धात व्हायला हवे. तरी आयसोमरचे अर्धायुष्य साडेपाच तास आहे. गॅमा किरण संवेगाचे एकच एकक नेतो आणि सात एककांची तूट उरते. दर एककामागे क्षय सुमारे शंभरपट मंदावतो, असा भौतिकशास्त्रज्ञ रुसिनोव्ह यांचा ठोकताळा आहे. इथे मंदन त्याहूनही जास्त, १० च्या सोळाव्या घाताच्याही पुढे जाते.

निषेध पूर्ण नसतो, कारण के शुद्ध राहत नाही. फिरत्या केंद्रकातील कोरिऑलिस परिणाम (फिरण्यामुळे आतील कणांच्या गतीवर होणारा परिणाम) वेगवेगळ्या के च्या अवस्था मिसळतो. अक्षीय सममिती ढळली तरी तेच होते. म्हणून दर एककामागचे मंदन हा या विषयातला सर्वांत बोलका आकडा: तो घसरला, की आकाराची सममिती किंवा अवस्थांची शुद्धता कुठेतरी बिघडली आहे असे समजावे.

हाफ्नियम-१७८ मध्ये दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन मिळून के १६ होतो. ही अवस्था ऊर्जेने मूळ अवस्थेच्या सुमारे २४.५ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर असूनही तिचे अर्धायुष्य ३१ वर्षे आहे.

न्यूट्रॉन जास्त असलेल्या केंद्रकांपर्यंत पोचणे अवघड, कारण स्थिर केंद्रकांच्या संलयनातून बहुधा न्यूट्रॉन कमी असलेलीच केंद्रके मिळतात. त्यामुळे जड केंद्रकांचे तुकडे वेगळे करून तपासावे लागतात. जर्मनीतील डार्मस्टाट येथील साठवण-वलयात (आयन फिरत ठेवणाऱ्या वर्तुळाकार यंत्रात) सोन्याच्या केंद्रकांच्या तुकड्यांमधून हाफ्नियम-१८४ आणि १८६ चे आयसोमर थेट वस्तुमानाच्या फरकावरून ओळखले गेले. हे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. वलयातील आयनांवर इलेक्ट्रॉन जवळजवळ उरत नाहीत. त्यामुळे इलेक्ट्रॉन फेकून क्षय पावण्याची वाट बंद होते आणि आयसोमर आणखी टिकतो. जपानमधील रिकेन या संशोधन संस्थेत डिस्प्रोसियम-१७० चा आयसोमर मिळाला. त्याचे ६६ प्रोटॉन आणि १०४ न्यूट्रॉन दोन्ही आपापल्या कवचांच्या (केंद्रकातील ऊर्जा-पातळ्यांच्या गटांच्या) बरोबर मध्यावर येतात, म्हणून हे केंद्रक विशेष मोलाचे.

अतिजड केंद्रकांत मोठा के विखंडन (केंद्रक दुभंगणे) आणि अल्फा-क्षय यांनाही अडवू शकतो. नोबेलियम-२५० आणि डार्मस्टॅटियम-२७० यांचे आयसोमर त्यांच्या मूळ अवस्थांपेक्षा जास्त काळ जगतात.