पक्षिनिरीक्षण आणि पक्ष्यांचे छायाचित्रण

रानात, पाणथळीवर, समुद्रकिनारी किंवा घराच्या खिडकीतून मोकळे पक्षी पाहणे, ते ओळखणे, त्यांच्या वागण्याच्या नोंदी ठेवणे आणि जमल्यास त्यांची छायाचित्रे घेणे, असा हा छंद आहे. पिंजऱ्यातले पक्षी यात धरत नाहीत. पाखरू आपल्या मर्जीने जिथे बसते आणि जे करते, ते त्याला न उठवता पाहायचे, ही या छंदाची पहिली अट. जगात पक्ष्यांच्या सुमारे ११,००० जाती आहेत. बहुतेक पक्षी दिवसा वावरतात, रंगाने आणि आवाजाने लक्ष वेधतात. वन्यजीवांपैकी इतके सहज दिसणारे दुसरे कोणी नाही.

‘टिपणे’ या एका क्रियापदात या छंदाचा सगळा इतिहास सामावला आहे. पक्षी बंदुकीने टिपतात, कॅमेऱ्यानेही टिपतात. आणि पाहिलेले वहीत उतरवले की त्याला टिपण म्हणतात. एकोणिसाव्या शतकात पक्षी ओळखायचा म्हणजे तो मारून हातात घ्यायचा, अशीच रीत होती. अमेरिकेतला पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑडुबॉन याची चित्रे जिवंत वाटतात, पण त्यांतले पक्षी त्याने आधी गोळीने पाडले होते आणि तारांनी हव्या त्या ढबीत बांधून समोर ठेवले होते. सलीम अली यांची वाटही बालपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीपासून सुरू झाली.

हे वळण विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बदलले. अमेरिकेत नाताळच्या दिवशी टोळ्या करून जास्तीत जास्त पक्षी मारण्याची चढाओढ लागे. पक्षिशास्त्रज्ञ फ्रँक चॅपमन यांनी १९०० साली सुचवले की त्याच दिवशी पक्षी मारू नयेत, मोजावेत. पहिल्या वर्षी २७ जणांनी मोजणी केली; ती आजही दरवर्षी होते. १९०१ मध्ये इंग्लंडच्या एडमंड सेलूस यांनी पक्षिनिरीक्षण हेच नाव असलेले पुस्तक लिहिले. मारून अभ्यास करण्याला त्यांचा कडवा विरोध होता. पुढे रॉजर टोरी पीटरसन यांच्या १९३४ च्या मार्गदर्शिकेने ओळखीच्या खुणा बाणांनी दाखवल्या, आणि लांबून पाहूनही जात ठरवता येते हे सामान्य माणसाला पटले.

साधन एकच अत्यावश्यक, ते म्हणजे दुर्बीण. तिच्यावर ८×४२ असे लिहिलेले असते. आठपट मोठे दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर, असा त्याचा अर्थ. दहापट दुर्बिणीत पक्षी मोठा दिसतो, पण हाताचा कंपही तेवढाच वाढतो. नवशिक्याने आठपटच घ्यावी. दुर्बीण लावण्याची एक खुबी आहे. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणायची. आधी दुर्बीण लावून मग फांद्यांमध्ये शोधाशोध केली, की पाखरू हटकून निसटते.

ओळख रंगावरून होते असे वाटते, पण उन्हाविरुद्ध सगळेच पक्षी काळे. त्यामुळे आधी आकारमान, चोचीची ठेवण, शेपटीची लांबी, चालण्या-उडण्याची ढब पाहावी. पाण्याकाठी वावरणारा तुतवार हा छोटा पक्षी बसल्या जागी शेपटीकडचा भाग सारखा वरखाली हलवत राहतो; तेवढ्यावरून तो दुरून कळतो. दाट झाडीत तर कानच आधी कामाला येतो. पुस्तक उघडण्यापूर्वी जे दिसले ते वहीत लिहून काढणे फार मोलाचे असते, कारण चित्र पाहिले की डोळ्याला न दिसलेलेही आठवू लागते.

पक्ष्यांचे छायाचित्रण सुरुवातीपासूनच चिकाटीचे काम होते. रिचर्ड आणि चेरी किअर्टन या भावांनी १८९२ मध्ये अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले. पुढे जवळ जाता यावे म्हणून त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करून त्यात बसण्याचाही उपाय केला. एरिक हॉस्किंग यांनी १९३७ मध्ये घुबडाच्या हल्ल्यात एक डोळा गमावला आणि तरीही हयातभर पक्षीच टिपले. आज दूरचा पक्षी मोठा दाखवणारी ४०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स, पक्ष्याचा डोळा स्वतःच शोधणारा कॅमेरा आणि सेकंदाला कित्येक फ्रेम अशी सोय आहे. कॅमेऱ्याचा पडदा उघडा राहण्याचा वेळ बसलेल्या पक्ष्यासाठी १/५०० सेकंद बहुधा पुरतो, उडत्यासाठी १/२००० सेकंद लागतो. पण चित्राला जीव येतो तो कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणल्यावर. पाणपक्ष्यांसाठी चिखलात पालथे पडण्यावाचून गत्यंतर नसते. पक्षी बहुधा वारा येतो त्या दिशेला तोंड करून झेप घेतात, म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही पाठीशी घेऊन बसावे.

खंड्याचे उदाहरण घेण्याजोगे आहे. पाण्यावर झुकलेली एखादी फांदी शिटेने पांढरी झालेली असेल, तर ती त्याची ठरलेली बैठक समजावी. तिच्यापासून दूर, आडोशाला लपण करून बसले, की तो परततो. मान खाली घालून पाणी न्याहाळतो, सूर मारतो आणि मासा घेऊन बहुतेकदा त्याच फांदीवर येतो. मग मासा फांदीवर आपटतो, पुनःपुन्हा आपटतो. नंतर चोचीतल्या चोचीत फिरवून डोके घशाकडे आणतो, म्हणजे खवले-पर आड येत नाहीत. हे सगळे तो करतो, कारण त्याला आपली दखलच नसते. तीच फांदी पाठलाग करून गाठली, तर हाती लागते ती निळी रेघ.

कॅमेऱ्याने पाठलागाची जुनी हौस परत आणली आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे. घरटे नीट दिसावे म्हणून भोवतालची पाने छाटली, तर पिल्ले उन्हात आणि कावळ्यांच्या नजरेत उघडी पडतात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवला, की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असे समजून तो खाणेपिणे सोडून धावतो. दूरवरून स्थलांतर करून आलेल्या किनारी पक्ष्यांना उडताना टिपण्यासाठी मुद्दाम उठवणे म्हणजे त्यांनी जमवलेली चरबी उगाच जाळायला लावणे. पक्ष्याने चरणे थांबवले, मान ताणली किंवा इशाऱ्याची हाक दिली, की आपण जास्त जवळ आलो; तिथून मागे फिरावे. घरट्यावरचे छायाचित्र टाळावे, हेच उत्तम.

यादी वाढवण्याचीही एक ओढ असते. अमेरिकेच्या पक्षिनिरीक्षक फीबी स्नेट्सिंगर यांनी १९९९ मध्ये मादागास्करमध्ये अपघाती मृत्यू येईपर्यंत ८,००० हून अधिक जाती पाहिल्या होत्या. पण रोज त्याच तळ्यावर जाऊन नेहमीचेच पक्षी मोजणाऱ्याची वही अभ्यासकांना तितकीच हवी असते. २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर जगभरचे छांदिष्ट आपल्या याद्या भरतात, आणि स्थलांतराच्या वेळा व संख्येतली घट त्यांवरून समजते. चोरट्या शिकारीचा किंवा गर्दीच्या उपद्रवाचा धोका असलेल्या काही जातींची नेमकी जागा मात्र तिथे सर्वांना दाखवली जात नाही. आपल्या छायाचित्राबरोबरही घुबडाच्या ढोलीचा पत्ता देऊ नये.