धातूच्या नॅनोकणांच्या कायरल रचना

सोन्या-चांदीचे काही नॅनोमीटर आकाराचे कण मळसूत्राच्या वळणात, किंवा आरशातल्या प्रतिमेशी तंतोतंत जुळणार नाही अशा एखाद्या मांडणीत बसवले, की तिला कायरल रचना म्हणतात. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात जात नाही, तसाच हा फरक. अशी रचना डाव्या आणि उजव्या फिरकीचा प्रकाश कमीजास्त शोषते. साखरेचे पाणीही ध्रुवित प्रकाशाचे, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचे, प्रतल वळवते, पण तिथे डावे-उजवेपण मुळात रेणूतच असते. इथे प्रत्येक कण साधी गोल गोळी असते आणि डावे-उजवेपण केवळ मांडणीत.

वर्तुळ-ध्रुवित प्रकाशात विद्युत क्षेत्राची दिशा पुढे सरकता सरकता गोल फिरते. तिचे टोक अवकाशात मळसूत्र काढत जाते, डावे किंवा उजवे. दोन्ही प्रकारच्या प्रकाशाच्या शोषणातल्या फरकाला वर्तुळी द्विवर्णता म्हणतात. प्रयोगशाळेत तिचे रोजचे नाव ‘सीडी’.

सोन्याच्या १० नॅनोमीटरच्या गोळीवर प्रकाश पडला, की तिच्यातील मुक्त इलेक्ट्रॉन एकत्र झुलू लागतात. हे प्लाझ्मॉन अनुस्पंदन पाण्यात साधारण ५२० नॅनोमीटर तरंगलांबीला, म्हणजे हिरव्या रंगाला होते. हिरवा शोषला जातो म्हणूनच सोन्याचे कलिल, म्हणजे असे कण तरंगत असलेले पाणी, माणकासारखे लाल दिसते. एकटीदुकटी गोळी डावे-उजवे जाणत नाही. मात्र दुसरी गोळी जवळ आली, की एकीच्या झुलण्याने दुसरी हलते, दुसरीने तिसरी, आणि सगळ्यांचे मिळून सामाईक झोके तयार होतात. गोळ्या पिळात बसवलेल्या असतील तर विद्युतभार त्या पिळावरून वरखाली जाता जाता गोलही फिरतो. म्हणजे विद्युत द्विध्रुवाबरोबर (धन आणि ऋण भारांच्या जोडीबरोबर) त्याच अक्षावर थोडा चुंबकीय द्विध्रुवही (इवला लोहचुंबक) निर्माण होतो. या जोडीशी एका फिरकीच्या प्रकाशाचे अधिक जुळते, दुसरीचे कमी. परिणाम गोळ्यांच्या आकारावर आणि त्यांच्यामधल्या अंतरावर फार नाजूकपणे अवलंबून असतो: गोळ्या थोड्या लहान केल्या किंवा लांब नेल्या, की सीडी झपाट्याने घटते.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्युनिकमधल्या टिम लीड्ल यांच्या गटाने २०१२ मध्ये दिले. सिद्धांताची बाजू अलेक्झांडर गोवोरोव्ह यांची. ‘डीएनए ओरिगामी’ पद्धतीने, म्हणजे डीएनएच्या धाग्याला घड्या घालून, घडवलेल्या दांड्यावर ठरावीक जागी सोन्याच्या नऊ गोळ्या चिकटवल्या; पिळाचा व्यास ३४ नॅनोमीटर, एका वेढ्याची उंची ५७. डाव्या आणि उजव्या पिळाच्या द्रावणांचे सीडी-आलेख अनुस्पंदनाजवळ एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा निघाले: एकाचा उंचवटा तिथे दुसऱ्याचा खड्डा. गोळ्यांवर चांदीचा थर चढवल्यावर हाच परिणाम निळ्या बाजूला सरकला. द्रावणात हे पीळ वाटेल त्या दिशेला तोंड करून तरंगतात, तरी परिणाम पुसला जात नाही. कारण सोपे आहे. दोर कुठल्याही टोकाकडून पाहा, त्याचा पीळ तोच राहतो.

दोराची ही गोष्ट नॅनोकणांच्या कितीतरी आधीची. १८९८ मध्ये कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी तागाच्या पिळलेल्या जुड्यांमधून विद्युतचुंबकीय लहरी पाठवल्या आणि त्यांच्या ध्रुवणाचे प्रतल वळते हे दाखवले. डाव्या आणि उजव्या पिळाच्या जुड्या सारख्या प्रमाणात मिसळल्या, तर वलन नाहीसे होई. साखरेच्या द्रावणाची ती मुद्दाम केलेली मोठी प्रतिकृती होती. आजच्या कायरल रचनांचा इतिहास तिथूनच सुरू करणे योग्य.

कण न वापरता सलग धातूचेही पीळ करता येतात. कार्ल्सरूहच्या संशोधकांनी २००९ मध्ये सोन्याच्या सूक्ष्म मळसूत्रांची रांग उभी केली. अवरक्त पट्ट्यात, ३.५ ते ७.५ मायक्रोमीटरपर्यंत, ती आपल्याच फिरकीचा प्रकाश अडवते आणि उलट फिरकीचा जाऊ देते. २०१४ मध्ये श्टुटगार्टच्या ना लिऊ आणि लीड्ल यांच्या गटांनी डीएनएच्या दोन दांड्यांवर सोन्याच्या दोन सळया कात्रीसारख्या बसवल्या. डीएनएचे योग्य धागे द्रावणात टाकले, की कात्री डावीकडून उजवीकडे वळते आणि सीडीचे चिन्ह उलटते. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये ‘की-ते नाम’ या संशोधकांच्या गटाने २०१८ मध्ये वेगळीच वाट धरली: सिस्टीन (एक अमिनो आम्ल) किंवा ग्लुटाथायोन (एक छोटे पेप्टाइड) या कायरल रेणूंच्या सान्निध्यात वाढणाऱ्या सोन्याच्या एकाच कणाच्या पृष्ठभागावर पीळ उमटवला. रेणूने दिलेले वळण इथे धातूच्या अंगात मुरते, आणि प्रकाशावरचा मोठा परिणाम रेणूचा नसून त्या आकाराचा असतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण इथे जवळजवळ शब्दशः लागू पडते.

परिणामाचे माप म्हणून दोन शोषणांमधला फरक त्यांच्या सरासरीने भागतात. हा असममिती गुणांक जास्तीत जास्त २ असू शकतो. साध्या सेंद्रिय रेणूंचा तो बहुधा हजारांश किंवा त्याहून कमी असतो. सोलच्या कणांचा ०.२ पर्यंत गेला. शिवाय रेणूंची सीडी बहुतेक अतिनील भागात असते, धातूची डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात. याचा उपयोग निदानातही पाहिला गेला आहे. पार्किन्सन रोगातले प्रथिनांचे तंतू पिळदार असतात. त्यांच्यावर सोन्याच्या सळया चिकटल्या की सीडीचा संकेत उमटतो.

काचेवर बसवलेल्या नमुन्यांच्या बाबतीत मात्र संशय ठेवलेला बरा. सगळ्या सळया एकाच दिशेला झुकलेल्या असतील, तर साधे रेषीय ध्रुवणाचे परिणामही सीडीचे सोंग घेतात. म्हणून नमुना स्वतःभोवती फिरवून, मग पालथा घालून पुन्हा मोजतात; संकेत खरा असेल तर पालथे घातल्यावरही त्याचे चिन्ह बदलत नाही.