न मोडणारी भाकरी

पुणे-सातारा रस्त्यावरील एका ढाब्यावर आम्ही भाचीसाठी ज्वारीची भाकरी मागवली होती. तिला सिलिअ‍ॅक आजार असल्याचे निदान झाल्यापासून गहू तिच्या ताटातून कायमचा गेला आहे. आलेली भाकरी पातळ होती, कडेला कुठेही चिरलेली नव्हती आणि घडी घातली तरी मोडली नाही, तेव्हा मला शंका आली. आत जाऊन विचारले, तर भाकरी करणाऱ्या मावशींनी मोकळेपणाने सांगितले, "नुसत्या ज्वारीची मोडते हो ताई, म्हणून मूठभर कणीक घालते." यात त्यांची चूक नव्हती. आम्ही "गहू चालत नाही" एवढेच सांगितले होते आणि त्यांच्या लेखी गहू म्हणजे पोळी.

भाकरी न मोडण्यामागे होते ते ग्लुटेन, म्हणजे गव्हातली चिवट प्रथिने, आणि सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला नेमकी तीच चालत नाहीत. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या गटांतील प्रथिने एकमेकांत गुंतून एक लवचिक जाळे तयार होते आणि त्यामुळेच पोळी न तुटता लाटता येते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांच्या पिठात असे जाळे होत नाही. म्हणून भाकरी थापावी लागते आणि तिचे पीठ कढत पाण्यात भिजवले जाते, कारण उष्णतेने पिठातील स्टार्च फुगून चिकट होतो. सातू, म्हणजे जव, आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखे एक धान्य) यांतही ग्लुटेनसारखीच प्रथिने असतात व तीही सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला चालत नाहीत.

या प्रथिनांचे काही तुकडे कोणाच्याच पोटात पूर्ण पचत नाहीत. मात्र ज्यांच्यात एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुके आहेत, त्यांच्यापैकी काहींची प्रतिकारयंत्रणा या तुकड्यांना शत्रू समजते आणि लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला चढवते. अन्नरस शोषणारे, मखमलीच्या लवेसारखे दिसणारे तेथील बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. मग रक्तक्षय होतो, हाडे ठिसूळ होतात, मुलांची वाढ खुंटते. पोट दुखले नाही म्हणजे इजा झाली नाही, असे मात्र मुळीच समजू नये.

किती ग्लुटेन घातक, याचा हिशेब मांडला की बाहेर खाण्यातील अडचण नीट समजते. बहुतेक रुग्णांना दिवसाकाठी १० मिलीग्रॅमपर्यंत ग्लुटेन सोसते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत ते सुमारे अडीच ग्रॅम असते; म्हणजे पोळीचे अडीचशे तुकडे केले, तर त्यातील एका तुकड्यात ही मर्यादा संपते. पोळपाटावर भुरभुरलेली पिठी याहून सहज जास्त भरेल. पाकीटबंद पदार्थात किलोमागे २० मिलीग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसेल, तरच त्यावर 'ग्लुटेनमुक्त' असे छापता येते, हा नियम भारतातही आहे. हॉटेलच्या ताटाचे असे मोजमाप कोणी करत नाही.

शिवाय ग्लुटेन म्हणजे जंतू नव्हे. ते उकळल्याने किंवा तळल्याने मरत नाही. बटाटेवड्याचे आवरण बेसनाचे असले, तरी त्याच कढईत आधी समोसे तळले असतील, तर मैद्याचा चुरा तेलातच राहतो. पिठाच्या गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी दळली, तर जात्याच्या पाळ्यांत अडकलेली कणीक ज्वारीच्या पिठात उतरते. गोव्यात किंवा मालवणात सुरमई मागवताना ती रव्यात घोळवतात की तांदळाच्या पिठात, हे आधी विचारावे. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात अनेक ठिकाणी गहू असतोच, मिसळीवरच्या फरसाणात मैद्याचे तुकडे असतात आणि सोया सॉसही बहुधा गव्हापासूनच बनवलेला असतो.

सर्वांत फसवा पदार्थ हिंग. शुद्ध हिंग फार उग्र असल्यामुळे बाजारात मिळणारा बांधानी हिंग डिंक आणि पीठ मिसळून बनवतात, आणि ते पीठ बऱ्याचदा मैदा असते. त्यामुळे साधे वरणसुद्धा विचारल्याशिवाय घेता येत नाही. तांदळाचे पीठ घातलेला हिंगही मिळतो. डबीवरची घटकांची यादी आचाऱ्याकडून मागून स्वतः वाचावी.

विचारण्याची भाषाही महत्त्वाची आहे. 'ग्लुटेन' हा शब्द बहुतेक आचाऱ्यांना परका आहे, पण उपासाचे आणि रोजचे वेगळे ठेवायचे, हे आपल्याकडे प्रत्येकाला कळते. म्हणून मी आता म्हणते, "कणीक, मैदा, रवा, शेवया, यांतले काहीही नको, आणि उपासाला जसे वेगळे भांडे, वेगळा झारा, वेगळे तेल घेता, तसे घ्याल का?" या प्रश्नाचे उत्तर लगेच आणि नेमके मिळते. साबुदाण्याची खिचडी किंवा वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी यांत मुळात गहू नसतो आणि सहसा हिंगही नसतो, म्हणून भाची प्रवासात प्रथम तेच मागते. दुपारी दोनच्या गर्दीत मात्र वेगळा झारा घेण्याइतकी उसंत कोणालाच नसते, म्हणून आम्ही साडेअकराला जेवून घेतो.

उकडीचा मोदक तिच्या फार आवडीचा. पारी तांदळाच्या पिठीची, म्हणून आम्ही तो निर्धास्तपणे घेत होतो. पण उकड चिरू नये म्हणून काहीजण त्यात चमचाभर मैदा घालतात, हे गेल्या गणपतीत समजले, तेव्हापासून मोदकाच्या कळ्या फारच सुबक दिसल्या की ती आधी विचारते.