खरजाची तार ऐकायला अंतराळात

मिरजेत तंबोऱ्याचा भोपळा निवडताना कारागीर त्यावर टिचकी मारतो. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला लगेच कळते. भौतिकशास्त्रज्ञांना कृष्णविवरांवर अशीच टिचकी हवी आहे.

दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की उरलेलं विवर क्षणभर थरथरतं आणि तो थरकाप गुरुत्वीय लहरी होऊन बाहेर पडतो. आइन्स्टाइनच्या हिशेबाने हा नाद फक्त दोन गोष्टींवर ठरतो: वस्तुमान आणि फिरकी. भोपळा कुठल्या रानातला हे जाणकाराला ओळखता येतं म्हणे. इथे तेवढाही मागमूस उरत नाही. तेव्हा एका सुराची पट्टी आणि तो किती लवकर विरतो ते मोजायचं, की दुसरा सूर कुठे लागायला हवा ते गणितच सांगतं. तिथे लागला नाही, तर ते कृष्णविवर नव्हे किंवा आइन्स्टाइन चुकला. जानेवारी २०२५ मधल्या एका ठळक लहरीत लायगोला, म्हणजे लेसर आणि आरशांनी अशा लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या वेधशाळेला, असे दोन सूर वेगळे करता आले. आइन्स्टाइन पास!

पण ती वरच्या पट्टीतली परीक्षा. दहा लाख सूर्यांएवढं विवर थरथरलं, तर एक हेलकावा पुरा व्हायला मिनिटभर तरी लागतं. इतका खालचा खरज जमिनीवर ऐकूच येत नाही. मिरज जंक्शनच्या मालगाड्या राहू द्या, डोक्यावरून सरकणारी हवासुद्धा आपल्या गुरुत्वाने आरसे ओढते. हिंगोलीच्या लायगो-इंडियाची यातून सुटका नाही.

म्हणून लिसा, हा खरज अंतराळातून ऐकणारी मोहीम. युरोपीय अवकाश संस्थेने २०२४ मध्ये तिला मंजुरी दिली. उड्डाण २०३५ च्या सुमारास. तीन यानं, एकमेकांपासून २५ लाख किलोमीटरवर. प्रत्येकात सोनं-प्लॅटिनमचे दोन ठोकळे, बाजू ४.६ सेंटीमीटर, वजन दोनेक किलो, यानाला कुठेही न टेकता तरंगणारे. वेगवेगळ्या यानांतल्या ठोकळ्यांमधल्या अंतराचा अणूहून बारीक फरक लेसर टिपणार.

मला सगळ्यात ओढ आहे ती एका विषम जोडीची. दहा-वीस सूर्यांचं विवर अशा महाकाय विवरात पडण्याआधी त्याभोवती लाखभर घिरट्या घालतं. महाकाय विवराचा घाट गणितज्ञ रॉय केरने फिरत्या कृष्णविवरासाठी १९६३ मध्ये मांडलेल्या गणितापेक्षा जरा जरी वेगळा असला, तरी ठेका चुकत जाणार. पहिल्या फेरीला कुणाच्या लक्षात येणार नाही; लाखाव्या फेरीला सम भलतीकडेच पडलेली असेल.